बहिणीची किडनी

भास्कर,

माणसं हल्ली मला भेटायला आली की आधी माझ्या कमरेकडे बघतात आणि मग तोंडाकडे. पदराआडून टाक्यांचे वण दिसतील असं त्यांना वाटतं की काय, कोण जाणे. तुझं तेरावं होऊन फार दिवस झाले नाहीत, तोवर गावात आणि सातपूरला तुझ्या कॉलनीत एक वाक्य पक्कं होऊन बसलंय, की बहिणीनं किडनी दिली पण त्याला ती मानवली नाही. माझ्यासमोर कुणी म्हणत नाही. मी चहा टाकायला आत गेले की म्हणतात. आपल्या घरांच्या भिंती किती जाड असतात ते तुला ठाऊकच आहे. मग मी कपबशा जरा जास्तच आपटते आणि बाहेरचे सगळे एकदम द्राक्षांच्या भावावर बोलायला लागतात.

तुझ्याशी बोलायची दुसरी सोय राहिली नाही म्हणून हे लिहून काढतेय. आईला वाचता येत नाही, हेही एक कारण. ते का, ते पुढं सांगते.

शरीर आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखतं, ही गोष्ट तुला पहिल्यांदा मीच सांगितली होती. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. मी दिंडोरी तालुक्यातल्या आपल्याच गावच्या शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. देवी टोचणारे डॉक्टर जीपमधून आले आणि निम्मी शाळा मागच्या भिंतीवरून पळाली. तू अकरावीतला घोडा, तालुक्याच्या हायस्कुलात जाणारा, पण त्या दिवशी नेमका घरी होतास आणि पोरांच्या आधी तूच पळालास. तुला पानमळ्यातून हाताला धरून ओढत आणलं होतं मी. सगळी शाळा हसत होती. दंड चोळत तू मला तावातावानं विचारलंस, “अक्का, रोगाचाच रस अंगात घालायचा म्हंजे काय शहानपना झाला?”

मी नवी नवी शिक्षिका, उत्तराला मागं हटणार थोडीच. तू लहानपणी दुसऱ्याच्या द्राक्षबागेत गोफण घेऊन राखण करायचास, तेच उदाहरण घेतलं. म्हटलं, समज, आपल्या अंगात राखणदार आहेत. त्यांना चोराचं तोंड एकदा लांबून दाखवून ठेवायचं. पुढं खरा चोर आला की ते ओळखतात आणि कुंपणावरच हाणतात. तुला ते पटलं. संध्याकाळी तूच गल्लीतल्या पोरांना राखणदारांची गोष्ट सांगत होतास, आणि त्यात स्वतःच्या पळून जाण्याचा भाग गाळला होतास.

आई मात्र त्या दिवशी टोचणाऱ्यांच्या समोर आली नाही. आपल्या दोघांच्याही आधी तिला एक मुलगा झाला होता, तो देवीच्या रोगानं गेला, एवढं आपल्याला माहीत होतं. वडिलांनी घाबरून नाशिकहून डॉक्टर आणला होता, त्यानं सुई दिली आणि पोर त्याच रात्रीत गेलं. पोर जायच्याच वाटेवर होतं, सुईचा संबंध नव्हता, असं वडील मरेपर्यंत सांगत राहिले. आईनं कधी वाद घातला नाही. पण घरात आलेल्या देवीला सुई दाखवली म्हणून ती पोर घेऊन गेली, हे तिनं मनात धरलं ते कायमचंच. हे आपण दोघंही जाणून होतो रे. जाणून होतो आणि म्हातारीच्या मनातलं एक जुनं दुखणं म्हणून सोडून दिलं होतं.

तू सातपूरला कारखान्यात टर्नर म्हणून लागलास, लग्न झालं, लता आली, मंगल झाली, वडील गेल्यावर आईही तुझ्याकडंच राहायला आली. ती वर्षं सुखाची होती आणि सुखाच्या वर्षांचं सांगण्यासारखं फारसं काही नसतं. मग सकाळी उठल्यावर तुझे डोळे सुजायला लागले. डोकं ठणकायचं. तू म्हणायचास, रात्रपाळीमुळं होतंय. कारखान्याच्या डॉक्टरनं ब्लडप्रेशर मोजलं आणि दोनदा मोजलं. तिथून नाशिकचे मोठे डॉक्टर, तिथून मुंबई. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या.

मुंबईच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टर होते, आपल्याशी नीट बसून बोलणारे. मी त्यांना विचारलं, हा दारू पीत नाही, काही नाही, याला हे का झालं? ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही, पण पुष्कळदा असं होतं, की लहानपणी घसा धरतो किंवा अंगावर फोड येतात, शरीर त्या जंतूंशी लढतं आणि जिंकतंही. पण लढाईत तयार झालेला मालमसाला किडनीच्या चाळणीत अडकून राहतो आणि मग शरीर तिथंच लढत बसतं, स्वतःशीच. तू माझ्याकडं बघून म्हणालास, “अक्का, तुजे राखनदार येडे निघाले की गं.” त्या दिवशी आपण दोघं हसलो होतो. आज मला त्या हसण्याची लाज वाटत नाही, पण ते आठवलं की जेवण जात नाही.

आईनं सगळ्यात आधी स्वतःची किडनी पुढं केली. तिचा रक्तगट जुळला नाही. हॉस्पिटलच्या पायरीवर बसून ती एवढी रडली, की जाणारे-येणारे थांबून बघायला लागले. “पोटातून काढला तवा जुळत व्हता ना? मंग आता काय झालं?” असं ती त्या बिचाऱ्या डॉक्टरला विचारत होती.

माझं जुळलं. आणि तू नाही म्हणालास.

तुझा तो नकार मी विसरणार नाही. बहिणीला द्यायचं असतं, तिच्याकडून घ्यायचं नसतं, असं म्हणत तू भिंतीकडं तोंड करून झोपलास. आईही अडखळली. “ती आता दुसऱ्याच्या घरची. तिच्या अंगाला सुरी लावायची तर तिच्या घरच्यांना इचारा.” यांना विचारलं. हे म्हणाले, तिचं तिनं ठरवलंय, माझं कुणी ऐकेल असं वाटतं का तुम्हाला? मग मी तुझी चादर ओढली आणि म्हटलं, “मी काय शेजारीण आहे? ऊठ, जेव, आणि गप सही कर.” तू उठलास. सही केलीस. पण मनातून तू कधी राजी झालास का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायचं राहिलं.

ऑपरेशननंतर मला शुद्ध आली तेव्हा पहिला शब्द त्या तरुण डॉक्टरांचा ऐकू आला. “बाई, तुमची किडनी लगेच कामाला लागली.” मला एवढा आनंद माझ्या नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही झाला नव्हता. तू दुसऱ्या खोलीतून निरोप पाठवलास, की किडनी अगदी अक्कासारखीच आहे, क्षणभर गप्प बसत नाही. नर्सनं तो निरोप मला सांगितला तेव्हा हसताना टाके दुखले.

काही आठवड्यांनी ताप आला. ज्या जागी किडनी बसवली होती ती जागा सुजली, दुखायला लागली, लघवी कमी झाली. रिजेक्शन, डॉक्टर म्हणाले. हा शब्द आपल्या घरात तेव्हा आला आणि नंतर गेलाच नाही. मी रडकुंडीला आले होते, माझ्यात काय कमी पडलं म्हणून. त्यांनी समजावलं, की किडनीत काहीच कमी नाही. त्याच्या पांढऱ्या पेशींना एवढंच दिसतं, की ही घरातली नाही. त्यांचं काम त्या चोख करताहेत. आता औषधांनी त्यांना गुंगी द्यायची, पण बेतानं. पूर्ण झोपवल्या तर साधा सर्दीखोकलाही जिवावर बेतेल. जाग्या ठेवल्या तर किडनी खातील. या गोळ्या जन्मभर, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. स्टिरॉइडची जोरदार इंजेक्शनं दिली आणि तू सावरलास.

सावरल्यावर तू मला म्हणालास, “बहीन परकी, असं माजं शरीर म्हनतं हां अक्का. मी नाय म्हनत.” आणि मी, जिभेला हाड नसलेली, पटकन बोलून गेले, “घरात सगळे तेच म्हणत आलात. तुझं शरीर निदान खरं बोलतं.” तू हसला नाहीस. माझं बोलणं थट्टेचं होतं रे, निम्मं तरी. उरलेलं निम्मं आईच्या त्या ‘दुसऱ्याच्या घरची’वर होतं, तुझ्यावर नव्हतं. तुला तेवढं सांगायला हवं होतं.

तपासणीसाठी मुंबईला जाताना इगतपुरीला इंजिन बदलायला गाडी थांबायची. पावसानं फलाट दिसत नसायचा आणि त्या पावसात वडेवाला बरोबर आपल्याच खिडकीशी यायचा. बाहेरचं खायची तुला बंदी. तू मला वडा घ्यायला लावायचास, मी खात असताना टक लावून बघायचास आणि म्हणायचास, “निम्मा मला पोचतोय, तुजी किडनी सांगतीय.” दोन वर्षं तू तो एक विनोद पुरवून खाल्लास. मलाही तो दर वेळी नव्यानं आवडायचा.

ती दोन वर्षं मी तुझ्या घराची फौजदार झाले होते. गोळ्यांनी तुझा चेहरा गोल गरगरीत झाला, भूक वाढली, आणि लोक म्हणायचे, तब्येत सुधारली हो पाव्हण्याची! बघायला माणसांची रीघ. कुणी गुळवेलीचा काढा आणायचं, कुणी च्यवनप्राश, कुणी गावठी अंडी. सगळ्यांचं एकच म्हणणं, ताकद येऊ दे, रोगाशी लढायची ताकद. मी दारात उभी राहून सांगायचे, की याला लढायची ताकद नकोय, याची ताकद मुद्दाम कमी ठेवलीय. माणसं माझ्याकडं अशी बघायची, जशी मी भावाच्या वाइटावर टपलेय. शेजारच्या काकूंनी तर लताला बाजूला घेऊन सांगितलं, की तुझी नणंद जरा विचित्र आहे. लतानं ते मला सांगितलं आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. लोकांना दारातून परत पाठवायचं मात्र तुझ्या जिवावर यायचं. तोंडाला फडकं बांधून पाहुण्यांसमोर बसायलाही तू लाजायचास. आलेला माणूस चहा न घेता गेला तर घराला कमीपणा, हे तुझ्या हाडात भिनलेलं. एका भाऊबीजेला तू विचारलंस, अक्का, तुला ओवाळणीत काय घालू, मला काही सुचतच नाही. मी म्हटलं, गोळ्या वेळेवर घे, मला सगळं पोचलं. तू मान हलवलीस.

आणि मग कांजिण्या आल्या.

आधी मंगलला आल्या, शाळेतून. तिच्या अंगातले राखणदार धडधाकट, ती आठवड्यात खेळायला लागली. तुला लहानपणी कांजिण्या आल्याच नव्हत्या. मला आल्या होत्या, खूप आल्या होत्या, नाकावरचा वण अजून आहे. माझ्या अंगाला त्या रोगाची ओळख होती. पण किडनी देताना ती ओळख काही बरोबर देता येत नाही. हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

माझ्या शाळेत परीक्षा चालू होत्या, म्हणून मी महिनाभर सातपूरला फिरकले नव्हते. रविवारी आले तर दाराला कडुनिंबाचा डहाळा. मी पायरीवरच थिजले. आई आतून ओरडली, “थांब तिथंच! पाय धू, आन मंग ये. घरात देवी हाय.” जे मला दोन वर्षांत जमलं नाही ते त्या एका डहाळ्यानं केलं होतं. एक पाहुणा फिरकला नव्हता. घरात फोडणी नाही, कढई नाही, मोठ्यानं बोलणं नाही. तू खाटेवर पडला होतास, अंगभर खपल्या, डोळे खोल गेलेले. मला बघून हसलास. “अक्का, उतरल्यात बग.”

मी विचारलं, गोळ्या? लतानं मान खाली घातली. मी देव्हाऱ्याकडं बघितलं. तुझ्या गोळ्यांच्या बाटल्या तिथं ओळीनं मांडल्या होत्या आणि प्रत्येक बाटलीला हळदकुंकू लावलं होतं.

आई समाधानानं सांगत होती, “पयल्याच दिशी बाटल्या तिच्या पुढ्यात ठिवल्या. म्हनलं, आई, तुमी हाये तवर तुमचंच चालंल, आमचं काय नाय. चांगली पावली बग. एक खपली चिघळली नाय.” आणि ते खरंच होतं. गोळ्या थांबल्या तसे तुझे राखणदार जागे झाले, आणि त्यांनी कांजिण्यांचा फडशा पाडला. आईला देवी पावल्याचा पुरावा डोळ्यांसमोर दिसत होता. मला दुसरंच दिसत होतं. मी तुला विचारलं, लघवी किती होते? तुझ्या पायांवर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तो तसाच राहिला.

मुंबईच्या गाडीत मी तुझ्याशी भांडले. आजाऱ्याशी कुणी भांडतं का, पण मी भांडले. तुला कळत होतं ना? तू अडाणी आहेस का? मला एक निरोप धाडता आला नाही? तू खिडकीबाहेर बघत सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालास, “कळत व्हतं. पन आई खाटंच्या पायथ्याशी पदर पसरून बसली व्हती, अक्का. मला ‘तुमी’ म्हनत व्हती. ‘आईसायेब, शांत व्हा, माजं लेकरू पदरात घाला,’ असं मलाच म्हनत व्हती. आपल्या आईनं आपल्याला ‘तुमी’ म्हनल्यावर तिला काय सांगायचं? गोळीचं नाव सांगायचं?”

मी तुझ्या अंगावरची शाल नीट केली. नंतर पुष्कळ सुचलं. आईसमोर हो म्हणून लताकडून चोरून गोळी घेता आली असती. मला बोलावलं असतं तर मी आईशी भांडून वाईटपणा घेतला असता, मला त्याची सवयच आहे. पण हे सगळं घरी बसून सुचलेलं. त्या खाटेवर तू होतास, मी नव्हते.

तरुण डॉक्टर रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. ते म्हणाले, पहिल्या फोडाला आला असता तर आम्हीही एखादं औषध कमी केलं असतं, पण सगळी एकदम नसती थांबवली. कुठली कमी करायची आणि कुठली नाही, त्यातच तर सगळं असतं. म्हणजे आई निम्मी बरोबरच होती, भास्कर. निम्मी. त्या दुसऱ्या निम्म्यासाठी एक ट्रंककॉल पुरला असता.

इंजेक्शनं या वेळी लागू पडली नाहीत. डायलिसिस सुरू झालं. मशीनवरून उतरलास की तू धुतलेल्या फडक्यासारखा पांढरा दिसायचास. अशाच एका दुपारी, लता खाली औषध आणायला गेलेली असताना, तू ते काढलंस.

“अक्का, आईला कधी सांगू नको.”

“काय?”

“गोळ्या बंद केल्यानं झालं, हे. तिला म्हनावं, बहिनीची किडनी मानवली नाय. लताला मी सांगितलंय. ती तसंच बोलंल समद्यांना.”

मी उसळलेच. “वा! दिलं मी, आणि नासकं निघालं तेही माझंच? गावभर तोंड मी काळं करू?”

“तू सोसशील. ती नाय सोसायची. एक पोरगं सुईनं गेलं म्हनून इतकी वर्सं छातीशी धरून बसलीय. आता दुसरं गोळी बंद केल्यानं गेलं हे तिला कळलं, तर जगंल का ती?”

“अक्का सोसेल, अक्का सोसेल. नेहमी माझ्याच माथी मारता सगळं.”

“मंग कुनाच्या मारू?” असं म्हणून तू डोळे मिटून घेतलेस. तुझं बोलणं दुखावलेलं नव्हतं. खरंच विचारत होतास. मी काही बोलणार तेवढ्यात नर्स आली, मग लता आली, आणि मग भेटीची वेळ संपली. मला दुसऱ्या दिवशी शाळेत हजर व्हायचं होतं. शनिवारी परत आले तेव्हा तू कुणाला ओळखत नव्हतास. मी तुझ्या कानाशी बसून राहिले. तुला ऐकू जात असेल म्हणून ‘हो’ म्हणायचं ठरवलं होतं, पण लताची आई शेजारी होती, इतर माणसं होती. त्यांच्यासमोर काय बोलणार? मला वाटलं, ती थोडी बाजूला गेली की बोलू. ती बाजूला गेली तोवर तू गेला होतास.

याचं मला सगळ्यात वाईट वाटतं, भास्कर. कुठल्याही टाक्यापेक्षा जास्त. तू एवढं एकच मागितलंस माझ्याकडून. किडनी तर मागितलीही नव्हतीस, मी चादर ओढून दिली होती. आणि जे मागितलंस त्यावर मी भांडले. मी ‘हो’ म्हणाले नाही आणि तू उत्तराविना गेलास.

लतानं तुझा शब्द पाळला. पहिल्या दिवसापासून. अजून पंचविशीही उलटली नाही तिची, पण समाचाराला आलेल्या प्रत्येकाला तेच एक वाक्य, डोळ्यांतलं पाणी न पुसता. माझ्यासमोर मात्र ती ते उच्चारत नाही. परवा ती भांडी घासताना मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं घासलेलं पातेलं विसळायला माझ्या हातात दिलं.

आई तेराव्यापर्यंत नुसती भाकरीचा तुकडा मोडायची आणि ताटात ठेवून द्यायची. मंगलला जवळ घ्यायची, पण तिच्या अंगावरच्या कांजिण्यांच्या वणांवर हात जाणार नाही अशी जपायची. मला तेव्हाच शंका आली होती. काल दुपारी लता मंगलला घेऊन दुकानात गेली आणि घरात आम्ही दोघीच राहिलो. मी पापडाचा डबा आवरत होते. आईनं हाक मारली.

“अक्के, हिकडं बस.”

बसले.

“तू शिकल्याली हायेस. खरं सांग. म्या देवीच्या दिसात त्येच्या गोळ्या बंद केल्या. त्येच्यानं तर नाय ना झालं हे?”

तिची नजर माझ्यावर होती. भास्कर, मी शाळेत पोरं खोटं बोलली की त्यांना छडी मारते. आयुष्यात मला खोटं नीट जमलेलं नाही, तोंडावर दिसतं लगेच. पण काल दिसलं नाही. काल माझा आवाज शाळेतल्यासारखा लागला.

“नाही आई. गोळ्यांचा काही संबंध नाही. डॉक्टरांनीच सांगितलं. माझी किडनी त्याला मानवली नाही.”

आईनं बराच वेळ श्वास सोडलाच नव्हता, तो आता सोडला. मग तिनं मला जवळ ओढलं, मी एवढी चाळिशीकडं झुकलेली बाई, मला मांडीवर घेतल्यासारखं घेतलं आणि कमरेवरच्या टाक्यांच्या वणांवरून तिचा खरबरीत हात फिरवायला लागली. माझी समजूत काढत होती ती. “नको मनाला लावून घिऊ, पोरी. तुजा काय दोस? तू चांगल्या मनानं दिलंस. त्यानंच नाय घेतलं.”

मी तिच्या पदरात तोंड खुपसून रडले. माझ्यासाठी रडतेय असं तिला वाटलं असेल. नंतर तिनं स्वतः उठून दोघींना ताटं वाढली आणि ती पोटभर जेवली.

तू घेतली होतीस रे. दोन वर्षं ती किडनी तुझ्यात राबली, आणि तू मला निम्मा वडा पोचतोय म्हणत हसत होतास. हे आईला सांगता येणार नाही. आता कधीच कुणाला सांगता येणार नाही. लता सोडली तर तूच तेवढा माहीतगार उरला आहेस, म्हणून तुला सांगते: घेतली होतीस तू.